२५ हजारांत ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय? आधी एसएमपीएसचं लेबल वाच

प्रश्न असा आहे: "दादा, मी साताऱ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा पीसी २०२१ चा. आय५-१०४००एफ, बी४६० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एसएसडी, जीटीएक्स १६५० ४ जीबी, कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस आणि २४ इंची फुल एचडी ७५ हर्ट्झचा मॉनिटर. व्हॅलोरंट रोज खेळतो, शिवाय सायबरपंक आणि फोर्झा होरायझन ५ नीट खेळायचेत. शिकवण्या घेऊन २५,००० साठवलेत. दुकानदाराने कोटेशन दिलंय: आरटीएक्स ३०५० ६ जीबी १८,५००, आरएक्स ६६०० २१,०००, आरटीएक्स ५०५० २५,५००, आर्क बी५८० २७,०००. ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस ३,८०० सांगतोय, पण म्हणतो ३०५० घे, त्याला वेगळी केबल लागत नाही, जुन्यावरच चालेल. मित्र म्हणतो ओएलएक्सवर सात हजारांत आरएक्स ५८० मिळतंय, ते घे आणि बाकीचे पैसे वाचव. काय करू?"

दुकानदार खोटं बोलत नाहीये. ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॉटवर चालतं आणि लागणारी सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतं. तुझ्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, हात न लावता ते बसेल, चालेलही. पण त्याने ते तुझ्या खेळांकडे बघून निवडलेलं नाही, तुझ्या एसएमपीएसकडे बघून निवडलंय. म्हणजे तुझ्या पीसीतला सगळ्यात हलका भाग ठरवणार की १८,५०० रुपये कशावर खर्च व्हायचे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांचं असं व्हावं हे मला पटत नाही.

पुण्यात १६ वर्षं मी पीसी जोडून देतोय. कमी बजेटमधलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा अख्खं बजेट कार्डावर लावायच्या तयारीने येतं. त्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की ग्राफिक्स कार्ड एकटं विकत घेता येत नाही. त्याला वीज देणारा एसएमपीएस, त्याला काम पुरवणारा प्रोसेसर आणि रॅम, त्याचं काम दाखवणारा मॉनिटर, हे सगळे त्या व्यवहारात असतातच. तू पैसे त्यांच्यासाठी बाजूला काढ किंवा काढू नकोस, ते आपला वाटा घेतातच.

आता आधी फुकटातलं काम कर. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम उतरवून घे. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात पाच आकडे दिसतील असं लाव: एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वापर. मग सायबरपंकमध्ये भर गर्दीच्या बाजारातून वीस मिनिटं फीर. जीपीयूचा वापर ९७ ते ९९ टक्क्यांवर चिकटून राहिला तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० वर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचे एक-दोन थ्रेड ९० च्या वर असतील तर कार्ड रिकामं बसलंय आणि दोष दुसरीकडे आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणून त्याच रस्त्यावरून परत चाल. एफपीएस उडी मारून वर गेले तर कार्डच अडवत होतं. जागचे हलले नाहीत तर नवं कार्ड घेऊनही फारसे हलणार नाहीत.

तुझ्या पीसीत काय दिसेल ते मी बरंचसं आत्ताच सांगू शकतो. व्हॅलोरंटमध्ये १६५० आजच तुझ्या मॉनिटरच्या ७५ च्या वर एफपीएस देतं. तो खेळ प्रोसेसरवर चालतो. त्याच्यासाठी नवं कार्ड घेशील तर आकडा वाढेल, पण डोळ्यांना काही दिसणार नाही, कारण ७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रांपलीकडे दाखवूच शकत नाही. तेव्हा व्हॅलोरंट या हिशोबातून काढून टाक. सायबरपंकमध्ये मात्र कार्ड ९९ वर, व्हीरॅम ४ जीबीच्या काठोकाठ आणि रॅमही भरलेली, अशी तिहेरी कोंडी दिसेल.

यातल्या रॅमचं आधी बघू. ते सगळ्यात स्वस्तात सुटतं आणि कोणी लक्ष देत नाही. सायबरपंकचं २.० अपडेट सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, तेव्हा त्यांनी किमान गरज १२ जीबी रॅम आणि एसएसडी अशी वर नेली. तुझ्याकडे ८ आहे. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान एसएसडीवर टाकतं आणि पुन्हा उचलून आणतं. गाडी चालवताना मध्येच अर्धा सेकंद चित्र थबकतं ते बऱ्याचदा त्याने. शिवाय स्टिक एकच असल्यामुळे प्रोसेसरचा एकच चॅनल चालू आहे. आय५ बसवलेल्या बी४६० बोर्डावर रॅम २६६६ च्या वर धावत नाही. त्या वेगाला एका चॅनलमधून सेकंदाला साधारण २१ जीबी माल जातो आणि दोन स्टिक लावल्या की तो रस्ता दुप्पट रुंद होतो. तुझ्या सहा कोअरच्या प्रोसेसरला याचा फरक चांगला जाणवेल, विशेषतः ते मधले धक्के कमी होतील. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत म्हणून नवी घ्यायचा हट्ट धरू नकोस. डीडीआर४ ची ८ जीबीची वापरलेली स्टिक चालेल. रॅममध्ये झिजण्यासारखं काही नसतं. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेव, सकाळी एकही चूक दिसली नाही तर झालं. स्टिक मात्र योग्य खाचेत बसव. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी.

आता एसएमपीएस. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मी जळालेली जी कार्डं पाहिली त्यातली बरीचशी स्वतःच्या दोषाने गेलेली नव्हती.

पीसी बंद कर, भिंतीतला प्लग काढ, कॅबिनेटचं बाजूचं पान उघड आणि एसएमपीएसवरचं लेबल मोबाइलच्या उजेडात वाच. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असेल. ते सोडून दे. खालच्या तक्त्यात +३.३, +५ आणि +१२ व्होल्ट असे रकाने असतात. आजचा प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही आपली जवळपास सगळी वीज +१२ च्या रकान्यातून घेतात. त्याच्याखाली जो अँपिअरचा आकडा आहे त्याला १२ ने गुण. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यांवर मी तिथे १४, १६ असे आकडे पाहिलेत. १६ अँपिअर म्हणजे १९२ वॉट. ज्याच्या छातीवर ४५० लिहिलंय त्याची खरी ताकद एवढीच. तुझा १०४००एफ प्रोसेसर नावाला ६५ वॉटचा आहे, पण टर्बोमध्ये थोड्या वेळासाठी तो १३४ वॉटपर्यंत जाऊ शकतो. त्यात आरएक्स ६६०० चे १३२ मिळव. बेरीज तूच कर.

लेबल फाटलेलं असेल तर दुसरी खूण तारांवर असते. तारेच्या प्लॅस्टिकवर बारीक अक्षरांत १८ एडब्ल्यूजी छापलेलं असतं. तिथे २० किंवा २२ दिसलं तर तार बारीक आहे, कारण या मापात आकडा वाढला की तार बारीक होते. आणि हातात घेऊन वजन बघ. चांगल्या एसएमपीएसमध्ये ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, मोठे कपॅसिटर असतात, तो हाताला जड लागतो. डबा मात्र उघडायचा नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भारलेले राहतात.

२०१९ च्या उन्हाळ्यात एक मुलगा पीसी घेऊन आला होता. असाच कॅबिनेटचा एसएमपीएस, त्यावर हार्ड डिस्कच्या दोन पिनांपासून कार्डाची पिन बनवणारा शंभर रुपयांचा जोड लावलेला आणि त्यावर वापरलेलं १२० वॉटचं कार्ड. तीन महिने व्यवस्थित चाललं, म्हणून त्याला वाटलं सगळे उगीच घाबरवतात. मग एका दुपारी खेळ चालू असताना फट् असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. जोडाचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडून पिनांवर वितळलं होतं, मदरबोर्ड गेला होता आणि कार्डही. मी त्याच्यासमोर एक-एक भाग दुसऱ्या मशीनवर लावून बघत होतो आणि प्रत्येक भागाला तो विचारत होता, "हे तरी आहे ना?" त्यातली फक्त रॅम आणि हार्ड डिस्क वाचली. त्यानंतर असा जोड मी कोणालाच लावून दिलेला नाही.

म्हणून ३,८०० चा एसएमपीएस हा तुझ्या खरेदीतला पहिला आयटम. ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, कार्डासाठी किमान एक ६+२ पिनांची केबल आणि पाच वर्षांची वॉरंटी बघ. ८० प्लस हा शिक्का डबा वीज किती कमी वाया घालवतो एवढंच सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. तरी वॉरंटी पाच वर्षांची देणारा आत निकृष्ट माल भरायला दहा वेळा विचार करतो. केबल लावताना एक चूक सर्रास होते. प्रोसेसरची ४+४ पिनांची केबल आणि कार्डाची ६+२ पिनांची केबल लांबून सारख्या दिसतात, पण त्यांतल्या धन-ऋण तारा उलट्या असतात. खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीची केबल सहज बसत नाही. बसत नसेल तर दाबू नकोस.

आणि एक, घरात अर्थिंग आहे का तेही बघून घे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच शोभेचं आहे. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे नेहमी दिसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी नीट करून घे, मग नवं कार्ड लाव. ६०० व्हीएचा यूपीएस वापरत असशील तर तो साधारण ३६० वॉट देतो. खाली सांगतोय त्यातल्या ६६०० आणि ५०५० या दोन्ही कार्डांना तेवढा पुरतो.

आता कार्डं. ३०५० या नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात, हे दुकानदाराने तुला सांगितलेलं दिसत नाही. जानेवारी २०२२ चं ८ जीबीवालं, त्यात २५६० कोअर, १२८ बिटांचा मेमरी बस (चिप आणि व्हीरॅममधला रस्ता) आणि १३० वॉट. फेब्रुवारी २०२४ चं ६ जीबीवालं, त्यात २३०४ कोअर, ९६ बिटांचा बस आणि ७० वॉट. नाव एक, पण दुसरं बरंच हळू. तुझ्या १६५० पेक्षा ते पुढे आहे, जुन्या १६६० च्या जवळपास जातं. पण १८,५०० घालून खेळाच्या सेटिंगमध्ये एक पायरी वर चढायचं आणि दीड वर्षात परत इथेच येऊन उभं राहायचं, याला मी अपग्रेड म्हणत नाही. हे कार्ड एका ठिकाणी मी स्वतः सुचवतो: ऑफिसातून निघालेले डेलचे किंवा एचपीचे छोटे पीसी, ज्यांचा एसएमपीएस बदलताच येत नाही. तुझा पीसी त्यातला नाही.

माझा नियम असा: बजेटमध्ये कार्ड बदलायचं तर नव्याचा वेग जुन्याच्या दुपटीच्या आसपास हवा. त्याच्याआत असेल तर पैसे खिशात ठेवावेत आणि थांबावं. ४० टक्के वाढ ऐकायला चांगली वाटते, पण ३५ एफपीएसचे ४९ होतात आणि खेळ अजून जडच वाटतो. ३५ चे ७० झाले की हाताला फरक कळतो.

आरएक्स ६६०० त्या नियमात बसतं. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे, ८ जीबी व्हीरॅम, १३२ वॉट, आठ पिनांची एक केबल, आणि फुल एचडीत ते १६५० च्या साधारण दुप्पट धावतं. ते पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या रस्त्याच्या) आठच लेन वापरतं आणि तुझा दहाव्या पिढीचा प्रोसेसर त्याच्या जुन्या ३.० आवृत्तीवर आहे, म्हणून कोणी तुला घाबरवेल. ३.० च्या आठ लेनमधून सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात. व्हीरॅम भरून वाहत नाही तोवर तेवढ्याने फारसं नुकसान होत नाही. हीच भीती आरएक्स ६५०० एक्सटीच्या बाबतीत मात्र खरी आहे. त्याला चारच लेन आणि व्हीरॅमही ४ जीबी. तुझ्या बोर्डावर ते कार्ड अडखळेल, आणि त्यात व्हिडिओ रेकॉर्ड करायचा एन्कोडरही नाही. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नकोस.

६६०० ची कमजोर बाजूही सांगतो. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस एएमडीने आरएक्स ५००० आणि ६००० या मालिकांचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले. लोकांनी ओरड केल्यावर त्यांनी नव्या खेळांचा सपोर्ट चालू राहील असं स्पष्ट केलं, पण कंपनीचं लक्ष आता ७००० आणि ९००० या नव्या मालिकांकडे आहे हे त्यातून दिसलंच. एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून (अपस्केलिंग) एफपीएस वाढवायचं एएमडीचं तंत्र, त्याची चौथी आवृत्ती सुद्धा अधिकृतपणे ९००० मालिकेसाठी आली. फुल एचडीवर अपस्केलिंग करताना एफएसआरच्या जुन्या आवृत्त्यांत दूरची तार, जाळी, केस थरथरताना दिसतात. एनव्हिडियाचं तसंच तंत्र, डीएलएसएस, तिथे स्पष्टपणे चांगलं आहे.

म्हणूनच आरटीएक्स ५०५० चा विचार करावा लागतो. जुलै २०२५ चं कार्ड, ८ जीबी, १३० वॉट, ६६०० पेक्षा पुढे, आणि डीएलएसएस ४ सकट. वीज तेवढीच खातं, आठ लेनच वापरतं, तेव्हा एसएमपीएस आणि बोर्डाचा हिशोब बदलत नाही. फक्त ते साडेचार हजारांनी महाग आहे, आणि ते एकटंच तुझ्या बजेटच्या ५०० रुपये वर जातं.

इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी आहेत म्हणून तुझं मन तिकडे ओढलं जात असेल. कार्ड म्हणून मला ते आवडतं. पण डिसेंबर २०२४ मध्ये ते बाजारात आलं आणि पुढच्याच महिन्यात चाचण्या करणाऱ्यांनी दाखवून दिलं की जुन्या किंवा मध्यम प्रोसेसरवर ते बऱ्याच खेळांत मागे पडतं, कारण इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असणंही जवळपास सक्तीचं आहे. नव्या प्रोसेसरवर मी ते निःशंक लावून देतो. १०४००एफ वर नाही लावणार.

आता मित्राचं आरएक्स ५८०. एप्रिल २०१७ चं कार्ड, १८५ वॉट. म्हणजे ते घेतलंस तरी एसएमपीएस बदलावाच लागेल, ते सात हजारांवर थांबत नाही. एएमडीने या पिढीचे ड्रायव्हर २०२३ मध्येच बाजूला काढले. त्यातून ऑनलाइन मिळणारी बरीचशी ५८० ही '२०४८ एसपी' नावाची असतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर आहेत, या कार्डात २०४८ म्हणजे ते मुळात ५७० च आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे खेळातला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या मोजायचं, हार्डवेअर नाही. तुला रे ट्रेसिंगची हौस नसेल, मलाही या बजेटमध्ये ती नाही, पण खेळ बनवणाऱ्यांनी आता ते गृहीत धरायला सुरुवात केलीय. डिसेंबर २०२४ चं इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चं डूम द डार्क एजेस, या दोन्हींची किमान अट रे ट्रेसिंग करू शकणारं ८ जीबीचं कार्ड अशी आहे. दोन्ही याद्यांत एएमडीचं किमान कार्ड म्हणून नाव आहे आरएक्स ६६००.

सेकंड हँडला माझा विरोध नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं, त्यानंतर बाजारात आलेली शेकडो कार्डं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातली बरीच अजून चालतायत. वापरलेलं ६६०० किंवा १२ जीबीचं ३०६० वॉरंटी शिल्लक असताना चांगल्या भावात मिळालं तर जरूर बघ. ३०६० मात्र १२ जीबी आणि १९२ बिटांचंच घे, त्याचं ८ जीबीचं भावंड हळू आहे. पण सातारा ते पुणे कुरिअरने कार्ड मागवायचं नाही. स्वतः जायचं आणि विकणाऱ्याच्या पीसीत ते चालताना बघायचं.

बघायचं कसं, ते सांगतो. कार्ड हातात घेतल्यावर आधी स्क्रू बघ. त्यांच्या डोक्यावर ओरखडे असतील तर ते उघडलं गेलंय. उघडणं वाईट नाही, पण का उघडलं ते विचार. पंखे बोटाने हळूच हलव, खडखड किंवा डगमग नको. कडेने तेलकट ओघळ दिसला तर तो थर्मल पॅडचा असतो, म्हणजे मेमरी बराच काळ तापलीय. स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी दातांची पट्टी निरखून बघ, काळपट किंवा खरवडलेली नको. मग पीसीत लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघड. बायोस बदलून जुन्या कार्डाला नव्याचं नाव दिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा तिथे पकडलं जातं. फरमार्क ही कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा मिनिटं चालव आणि तापमानाबरोबर हॉटस्पॉटचा (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा) आकडाही बघ. दोघांत २५-३० अंशांचं अंतर पडत असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळलीय. त्यानंतर खरा खेळ अर्धा तास. मेमरी खराब असेल तर रंगीत चौकोन, रेघा, चमकणारे ठिपके बहुतेक वेळा गरम झाल्यावरच दिसतात, पहिल्या पाच मिनिटांत नाही. विकणारा "घाई आहे" म्हणाला तर नमस्कार करून निघ. मूळ बिल मागून घे. आपल्याकडे काही कंपन्या वॉरंटी सिरीयल नंबरवर देतात, काही बिलाच्या तारखेवर. नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ. परदेशातून कोणी आणलेलं कार्ड असेल तर भारतात त्याला वॉरंटी नाही असंच धरून चाल.

तुझा हिशोब असा होतो. ६६०० चे २१,००० आणि एसएमपीएसचे ३,८०० मिळून २४,८००. बजेटमध्ये बसलं. १६५० विकून येतील त्यातून ८ जीबीची वापरलेली रॅम. खेळणं एवढाच उद्देश असेल तर मी तुला हेच देईन, आणि तुझ्या ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर तुला काही कमी पडलंय असं वाटणार नाही.

पण तू इंजिनिअरिंगला आहेस. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मशीन लर्निंग घेणार असशील, किंवा ब्लेंडरमध्ये काही करत असशील, तर उत्तर बदलतं. त्या जगात बहुतेक सगळं एनव्हिडियाच्या कुडावर (कार्डावर गणिती कामं चालवायच्या सॉफ्टवेअरवर) उभं आहे आणि विंडोजवर ६६०० घेऊन तू इन्स्टॉलेशनशीच झगडत राहशील. तसं असेल तर ५०५० घे. २५,५०० आणि ३,८०० मिळून २९,३०० होतात, वरचे ४,३०० रुपये १६५० च्या विक्रीतून आणि घरून महिनाभराच्या बोलीवर घेतलेल्या उसन्यातून काढ. फक्त १६५० आधी विकायचं नाही. तुझ्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' आहे, म्हणजे त्यात ग्राफिक्स नाहीत. कार्ड काढलंस की स्क्रीन काळी, आणि सबमिशनच्या आठवड्यात ते परवडणार नाही.

पुण्याला येणार असशील तर तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून ये आणि मग साताऱ्याच्या दुकानदाराला तो सांग. दोन-तीनशेचा फरक असेल तर गावातच घे. वॉरंटीसाठी कार्ड पाठवायची वेळ आली की ओळखीचं दुकान कामाला येतं. जीएसटीसकट पक्कं बिल घे आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घे. निघण्यापूर्वी कॅबिनेटच्या आत फूटपट्टी लाव. दोन पंख्यांचं कार्ड साधारण २०० ते २४० मिलिमीटर असतं, तीन पंख्यांचं २८० च्या पुढे जातं. दोन पंखे या दोन्ही कार्डांना पुरतात, तिसऱ्या पंख्यासाठी आणि लाइटसाठी दोन हजार जास्त देऊ नकोस.

नवं कार्ड लावायच्या आदल्या रात्री डीडीयू हा प्रोग्राम वापरून जुने ड्रायव्हर साफ काढ, ६६०० घेणार असशील तर हे नक्की, कारण एनव्हिडियावरून एएमडीवर जातोयस. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लाव. मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावून "कार्ड बंद निघालं" म्हणून परत आलेले दर महिन्याला एक-दोन असतात. बायोसमध्ये रिसायझेबल बार दिसतो का बघ. अनेक ४०० मालिकेच्या बोर्डांना तो २०२१ च्या अपडेटमधून मिळाला. दिसला तर चालू कर, नाही दिसला तरी ६६०० किंवा ५०५० त्याच्यावाचून नीट चालतात.

आठवडाभर सगळं व्यवस्थित चाललं की मगच १६५० विकायला काढ. पंख्यांतली धूळ मऊ ब्रशने झटक, पंखा बोटाने धरून, नाहीतर तो फिरून बेअरिंग बिघडतं. डबा आणि बिल असेल तर त्याचाही फोटो टाक. ज्यांच्या एसएमपीएसला पिनच नाही अशा ऑफिसच्या पीसीवाल्यांना केबल न लागणारं १६५० अजून हवं असतं. तुझं मॉडेल बिनकेबलचं असेल तर जाहिरातीत ते पहिल्या ओळीत लिही.